विरजणाची स्मरणमाळ

बावीस काचपात्रांपैकी वीस पात्रांतलं दूध रात्रभरात जराही घट्ट झालं नव्हतं. डॉ. चारुता परचुरे उबवणपेटीतून एकेक पात्र बाहेर काढत होती, तिरकं करत होती आणि काचेवरून ओघळणारं दूध पाहून वहीत फुली मारत होती. एकविसावं आणि बाविसावं पात्र तिरकं केलं, तेव्हा आतलं काहीच हललं नाही.

“कवडी दही,” मागून डॉ. इम्तियाज शिकलगार म्हणाला. “चमचा उभा राहील यात. ही दोन कुणाची?”

“एक बोरवंडच्या सरपंचांच्या घरचं. दुसरं जप्तीतलं. ओढ्यापलीकडच्या वस्तीतून उचललेलं.”

“म्हणजे एक देवघरातलं आणि एक पोलीस ठाण्यातलं.” इम्तियाज हसला. पुण्याच्या या प्रयोगशाळेत दोघं चौदा वर्षं शेजारी-शेजारी काम करत होती. चारुता जिवाणूंचा अभ्यास करायची आणि इम्तियाज जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूंचा. चारुता कुठल्या वेळी हसत नाही आणि का हसत नाही, हे त्याला दुसऱ्या कुणापेक्षा जास्त कळायचं. त्याने दोन्ही पात्रं जनुकवाचक यंत्राकडे नेली.

सात वर्षांपूर्वी जगातल्या देशांनी मिळून एक यादी करायला घेतली होती. आपल्याला इतरांपासून वेगळं करणारी एक सवय प्रत्येक देशाने नोंदवायची. स्पेनने नववर्षाच्या ठोक्यांबरोबर बारा द्राक्षं खाणं नोंदवलं, फिनलंडने बाष्पस्नान, जपानने सुर्र आवाज करत शेवया ओढणं. भारतात यावरून वर्षभर भांडणं झाली, समित्या बसल्या आणि उठल्या. शेवटी कुणालाच हरकत घेता येणार नाही अशी एकच गोष्ट सापडली. ती म्हणजे बोरवंडचं विरजण.

या गावात स्वतःच्या घरचं विरजण कुणी महिन्यापेक्षा जास्त वापरत नसे. अमावस्या झाली की घरातली बाई वाटी घेऊन दुसऱ्या घरी जायची. दर वेळी घर वेगळं. मागितलं तर नाही म्हणायचं नाही, आणि सूर्य मावळल्यावर मागायचं नाही. उरलेलं ताक कुणी विकत नसे. ते पारावरच्या मोठ्या रांजणात ओतायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याने प्यावं. सहा वर्षांपूर्वी चारुतानेच या प्रथेवर अहवाल लिहिला होता. दोनशे बारा घरं, प्रत्येक घरच्या विरजणाचं जनुकवाचन, कुणाकडून कुणाकडे विरजण गेलं ते दाखवणारे साडेतीन हजार बाण, आणि एक निष्कर्ष : या गावचं दही सहसा बिघडत नाही, कारण ते सतत फिरत असतं.

मग राष्ट्रीय वैशिष्ट्य मंडळ स्थापन झालं. जागतिक यादीचा नियम असा होता की नोंदवलेल्या खाद्यपदार्थाचा नमुना कधीही बदलता कामा नये. नमुना बदलला की नोंद रद्द. फिरणारं विरजण तर दर महिन्याला बदलतं. म्हणून मंडळाने दोनशे बारा घरांतून एका घरचं विरजण निवडलं, सरपंच जयसिंग निंबाळे यांच्या घरचं. त्याला ‘प्रमाण विरजण’ असं नाव दिलं, ते पाकिटांत भरून घरोघरी वाटलं आणि राज्यातल्या अकरा कारखान्यांना दिलं. मग वैशिष्ट्य संरक्षण कायदा आला. शेजारणीला विरजण देणं हा त्या कायद्याने गुन्हा ठरला. पारावरचा रांजण काचेच्या पेटीत गेला. खाली फलक लागला : ‘देण्याघेण्याची भारतीय परंपरा’.

गेल्या दोन महिन्यांत अकराही कारखान्यांतलं दूध विरजेनासं झालं होतं. सकाळी फुली मारलेली वीस पात्रं त्याच कारखान्यांच्या विरजणाची होती.

*

मंडळाचा आयुक्त विक्रांत सबनीस दुपारी स्वतःच आला. गोरा, नीटनेटका, बोलताना समोरच्याच्या खांद्यावरून पलीकडे बघणारा माणूस.

“मॅडम, मला शाळेत जीवशास्त्रात छत्तीस मार्क होते. त्या बेताने सांगा.”

चारुताने पडद्यावर एक चित्र लावलं. एकापुढे एक रंगीत ठिपके होते, ओवलेल्या मण्यांसारखे.

“दही जिवाणू लावतात, हे माहीत असेलच. या जिवाणूंनाही रोग होतो. एक अतिसूक्ष्म विषाणू त्यांच्यात शिरतो आणि त्यांना फोडून बाहेर पडतो. लाखातला एखादा जिवाणू त्यातून वाचतो. वाचताना तो काय करतो, तर त्या विषाणूचा एक बारीक तुकडा कापून घेतो आणि स्वतःच्या जनुकांत ओवून ठेवतो. पुन्हा तोच विषाणू आला की तुकड्यावरून ओळख पटते आणि विषाणूचा निकाल लागतो. प्रत्येक तुकडा म्हणजे एक मणी. सगळे मणी मिळून स्मरणमाळ.”

“छान. लसीसारखं.”

“हो. आणि नवा मणी नेहमी पुढच्याच टोकाला ओवला जातो. मागे नाही, मध्ये नाही. म्हणजे मागून पुढे वाचत आलं की त्या विरजणाला कोणता आजार आधी झाला आणि कोणता नंतर, ते क्रमाने कळतं. विरजण एका घरातून दुसऱ्या घरात गेलं की माळही सोबत जाते.”

“बोरवंडमध्ये दर महिन्याला वाटी फिरायची,” इम्तियाज म्हणाला, “तेव्हा दोनशे घरांतले सगळे आजार आणि सगळे मणी एकमेकांत मिसळायचे. नवा विषाणू आला की कुठल्या तरी घरात त्याला ओळखणारं कुणीतरी असायचंच. पुढच्या अमावस्येला ती ओळख शेजारी पोचायची. तुम्ही ते बंद केलंत. गोठवलेला एक नमुना घेतलात, एकतीस मण्यांचा, आणि सहा वर्षं त्याच्याच प्रती काढल्यात. एवढ्या मोठ्या टाक्या, सगळ्यांत तेच जिवाणू. विषाणूला यापेक्षा चांगली खाणावळ कुठे मिळाली असती?”

“त्या तात्त्विक गोष्टी झाल्या.” सबनीसने खिशातून घडी केलेला कागद काढला. “मला विषाणू कुठून आला त्यात रस आहे. वस्तीतल्या चौतीस घरांत नोंद नसलेलं विरजण सापडलं. चोरून एकमेकींना देतात. त्यांचं दही लागतंय, कारखान्यांचं लागत नाही. याचा अर्थ रोग त्यांनी पसरवला. त्यातल्या बऱ्याच बायका कारखान्यात टाक्या धुवायला जातात. सोमवारी पथक जाऊन सगळी भांडी नष्ट करणार आहे. ज्या बाईच्या घरातून नमुना उचलला, करुणा अवचार, तिच्यावर खटला. मला फक्त तुमचं प्रमाणपत्र हवंय.”

“आणि मग कारखान्यांना कुठलं विरजण देणार?”

“सरपंचांच्या घरचं आहे ना. मूळ घर. त्यांच्याकडे अजून लागतंय. शुद्धता टिकलीय. पुढच्या महिन्यात लिस्बनला प्रदर्शन आहे, मॅडम. जगात दुसरीकडे कुठेही बाई दह्यासाठी शेजारणीच्या दारात उभी राहत नाही. हे आपलं आहे.”

“पूर्वी दही खाणाऱ्या निम्म्या जगात बायका अशा उभ्या राहत होत्या,” चारुता म्हणाली. “आणि इथेही आता उभ्या राहत नाहीत. तुम्ही त्यासाठी तुरुंग ठेवलाय.”

सबनीसने तिच्या खांद्यावरून घड्याळाकडे पाहिलं. “सोमवारपर्यंत पाठवा,” तो म्हणाला.

*

यंत्राने दोन्ही माळा शुक्रवारी सकाळी वाचून दिल्या.

वस्तीतल्या विरजणाच्या माळेत अठ्ठावन्न मणी होते. चारुताने ते जुन्या अहवालातल्या घरांच्या माळांशी ताडून पाहिले. माळेच्या जुन्या भागात गावातल्या प्रत्येक आळीचा ठसा होता. एकाही घराच्या माळेत एवढं सगळं एकत्र कधी नव्हतं. कारण उघड होतं. दोनशे बारा घरांचं ताक एकाच ठिकाणी मिसळायचं, पारावरच्या रांजणात. दिवसा ते वाटसरू प्यायचे. संध्याकाळी तळाशी उरलेलं वस्तीतल्या बायका घेऊन जायच्या आणि त्याच ताकाने घरी दूध विरजायच्या. गावातली प्रत्येक वाटी दोन-चार घरं फिरायची. वस्तीच्या भांड्यात मात्र अख्खं गाव उतरायचं. आणि तिथून बाहेर काहीच जायचं नाही, कारण ओढा ओलांडून विरजण मागायला कुणी कधी गेलं नव्हतं.

ही चौतीस घरं तिच्या अहवालात नव्हती. तिने तेव्हा एका घरापासून सुरुवात केली होती आणि विचारलं होतं : विरजण कुणाकडून आणता? जे नाव मिळालं त्या घरी जायचं, पुन्हा तेच विचारायचं. दोनशे बारा घरं झाल्यावर नवं नाव येईना, तेव्हा तिने काम पूर्ण झालं असं लिहिलं. कुणी खोटं बोललं नव्हतं. ज्यांच्याकडून कुणीच काही घेत नाही त्यांच्यापर्यंत नेणारा प्रश्नच तिच्याकडे नव्हता, आणि आपल्या यादीत ओढ्यापलीकडचं एकही घर का नाही, असं तिला एकदाही वाटलं नव्हतं. अहवालाच्या चव्वेचाळीसाव्या पानावर तिनेच काढलेला फोटो होता. रांजणाजवळ स्टीलच्या कॅन घेऊन उभ्या असलेल्या पाच बायका. खाली ओळ : ‘ताकाचा लाभ घेताना ग्रामस्थ महिला’. त्या पाचजणींतल्या एकीचंही नाव तिने विचारलं नव्हतं.

“हे बघ,” इम्तियाजने हाक मारली. त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. “कारखाने बंद पाडणारा विषाणू. त्याच्या अंगावर प्रमाण विरजणाच्या जनुकाचा तुकडा चिकटलाय. कारखाने बंद पडायच्या कितीतरी आधीपासून हा त्या टाक्यांतच वाढला, तिथेच तरबेज झाला. वस्तीत नाही. टाक्या धुणाऱ्या बायकांच्या हातांवरून थोडा-थोडा घरी आला असणार. त्यांच्या विरजणाने त्याला ओळखलं आणि मणी ओवला. पुढून सातवा.”

“म्हणजे रोग मंडळाच्या कारखान्याने पसरवला, आणि औषध वस्तीत तयार झालं.”

“आणि आता ही दुसरी माळ. सरपंचांची.”

तिने पाहिलं. सरपंचांच्या घरचं विरजण मूळच्या एकतीस मण्यांचं असायला हवं होतं, फार तर पुढे दोन-चार नवे. पण माळ अठ्ठावन्न मण्यांची होती आणि त्यातले छप्पन्न वस्तीच्या माळेशी क्रमाने जुळत होते. फक्त पुढचे दोन-दोन मणी वेगळे होते.

“टाक्यांत ही साथ आल्यापासून बोरवंडमध्ये महिन्याला साधारण एक मणी ओवला जातोय,” इम्तियाज हळू म्हणाला. “म्हणजे दोन महिन्यांपूर्वीपर्यंत हे दोन्ही एकच विरजण होतं. दूध विरजेनासं झालं, अगदी त्याच सुमाराला सरपंचांच्या घरातून कुणीतरी ओढा ओलांडला.”

चारुताने दोन्ही माळा पडद्यावर शेजारी-शेजारी लावल्या. हे कागदावर लिहिलं तर सोमवारी सरपंचाच्या घरात काय होईल, आणि नाही लिहिलं तर वस्तीत काय होईल, दोन्ही तिला एकाच वेळी दिसत होतं.

“चाचणी झाली की नमुने उकळायचे, असा नियम आहे,” इम्तियाज म्हणाला. “की जप्तीचा तरी गोठवून ठेवू?”

“कुणासाठी?” ती म्हणाली. “सरपंचांचा उकळ. जप्तीचा मला दे.”

*

रविवारी सकाळी ती बोरवंडला पोचली. सरपंच तालुक्याला गेला होता. त्याची बायको प्रतीक्षा स्वयंपाकघरात मुगाची डाळ निवडत बसली होती. पंचेचाळिशीची, ठसठशीत बाई. डेअरीच्या खिडकीत बसून दूध मोजून घ्यायचं काम तीच करायची.

चारुताने आडपडदा न ठेवता माळेची गोष्ट सांगितली. प्रतीक्षाचा हात ताटात थांबला.

“म्हणजे दह्यात लिहिलेलं असतंय होय सगळं?” ती म्हणाली. “बरंय. आमच्यात तेवढंच खरं बोलतंय म्हणायचं.”

“कधीपासून आणताय?”

“चार दिवस दूध विरजलं नाही. पाचव्या दिवशी ह्यांनी भांडं उचलून मोरीत आपटलं. म्हणाले, निंबाळ्यांच्या घरात दही लागत नाही हे बाहेर कळलं तर मी तोंड दाखवू कुठं? तुझ्याच हाताला काहीतरी झालंय. माझ्या हाताला!” तिने दोन्ही तळवे पुढे केले. “करुणा डेअरीच्या टाक्या धुवायला येती. तिच्या डब्यात दही असायचं, घट्ट. मी म्हटलं, दे की चमचाभर. ती माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, वैनी, तुमच्या घरात चालंल? मी म्हटलं, सांगतंय कोण?”

“उद्या पथक येणार आहे. तिची भांडी नष्ट करायला. रोग तिनेच पसरवला म्हणून.”

“माहीत आहे. ह्यांनीच अर्ज दिलाय.”

“मी अहवालात माळ लिहिली तर करुणा सुटेल. पण त्यात तुमचं घर येईल. म्हणून विचारायला आले.”

प्रतीक्षाने डाळीतला एक खडा काढला, बोटांत फिरवला आणि खिडकीतून बाहेर टाकला. “दोन म्हयनं तिचंच दही खातोय माझा नवरा. वर सगळ्या गावाला सांगतोय, आमच्या घराची शुद्धता बघा. आणि तिच्यावर अर्ज देतोय.” तिने डाळीचं ताट बाजूला सारलं. “तुम्ही काय लिहायचं ते लिवा, मॅडम. मी माझं बघते.”

ओढा ओलांडायला पूल होता, रुंद, सिमेंटचा. चारुता तो पहिल्यांदाच ओलांडत होती.

करुणा अवचार दारात उभी राहूनच बोलली. सडपातळ, चाळिशीच्या आतबाहेरची, हात सतत सोडा लागून पांढरे पडलेले. चारुताने पिशवीतून झाकणाचं काचपात्र काढलं आणि तिच्या हातात दिलं.

“हे तुमचं. प्रयोगशाळेतून परत आणलंय.”

“पोलिसांनी नेलेलं?” करुणाने झाकण उघडून वास घेतला. “आंबट झालंय जरा. पण आहे जितं.” मग तिने चारुताकडे नीट पाहिलं. “तुम्ही त्याच ना, फोटो काढलेल्या? पारावर?”

“हो.”

“माझ्या आईचा पण होता त्यात. कितीतरी दिवस विचारायची, बाईनं फोटो दिला का गं पाठवून.”

चारुताला माफी मागायची होती. शब्द जुळवेपर्यंत करुणाने आत वळून कुणाला तरी हाक मारली, आणि दार पुढे ओढून घेताना ती एवढंच म्हणाली, “उद्या या. आज कामं पडलीत लय.”

*

सोमवारी सकाळी दहा वाजता वस्तीच्या मधल्या मोकळ्या जागेत पांढऱ्या पोशाखातली चार माणसं निळी टाकी मांडून उभी होती. टाकीतल्या क्लोरीनच्या पाण्याचा वास पुलापर्यंत येत होता. सबनीस होता, सरपंच होता. सरपंचाच्या हातात घरातलं सगळं दही भरलेला, फुलांची माळ घातलेला स्टीलचा डबा होता; वस्तीचं काम उरकलं की त्या डब्यावर मोहर लागून तो थेट विमानतळावर जाणार होता. प्रतीक्षा त्याच्या मागे दोन पावलांवर उभी होती.

पथकाने चौतीस घरं तपासायला पाऊण तास घेतला. प्रत्येक घरातलं प्रत्येक भांडं घासूनपुसून उन्हात पालथं घातलेलं होतं. कुठेही दह्याचा थेंब नव्हता.

“शहाण्या झाल्या,” सबनीस खूश होऊन म्हणाला. “स्वतःच टाकून दिलं. मॅडम, प्रमाणपत्र?”

चारुताने त्याला अहवाल दिला. “विषाणू तुमच्या टाक्यांत तयार झाला. पुरावा पहिल्या पानावर आहे. वस्तीचं विरजण त्यातून वाचलेलं होतं. रोगाचं मूळ ते नव्हतंच.”

सबनीसने पान उलटलं, पुन्हा सुलटं केलं. “ठीक आहे. त्याची आता गरजही नाही. नष्ट झालेल्या गोष्टीवर वाद कशाला? निंबाळे, आणा तो डबा.”

“डब्यात काय आहे ते पण विचारा की,” प्रतीक्षा म्हणाली.

सरपंच वळला. “तू गप.”

“दोन म्हयनं गपच होते. डब्यात करुणाचं दही आहे. आपलं मेलं तेव्हाच. तुम्ही मोरीत आपटलं ते शेवटचं. त्यानंतर तुमच्या ताटात जे पडलं ते सगळं हिच्या घरचं.”

“काय बडबडतेयस तू? सगळ्यांसमोर?”

“या मॅडमला विचारा. दह्यात लिवलंय म्हणे.”

सगळ्यांनी चारुताकडे पाहिलं. तिने नेहमीच्याच आवाजात सांगितलं, “छप्पन्न मणी एकाच क्रमाने जुळतात. हा योगायोग असूच शकत नाही. दोन महिन्यांपूर्वी तुमच्या घरात इथलंच विरजण आलं.”

सरपंचाचं तोंड काळंनिळं झालं. “मूळ घर आमचं आहे,” तो ओरडला. “यादीत नाव आमचं आहे! इथलं विरजण आमच्या घरात? निंबाळ्यांच्या?” त्याने डब्याचं झाकण उपटलं. सबनीस “निंबाळे, थांबा!” म्हणत पुढे धावला, पण तोवर डबा निळ्या टाकीवर पालथा झाला होता. दह्याचा घट्ट गोळा क्लोरीनच्या पाण्यात पडला आणि त्याचे पांढरे धागे सुटत गेले. फुलांची माळ वर तरंगत राहिली.

“अहो, ते शेवटचं होतं!” सबनीसचा आवाज चिरकला.

“असूदे,” सरपंच धापा टाकत म्हणाला. “असलं खाण्यापेक्षा नसलेलं बरं.” आणि बायकोकडे न बघता तो पुलाच्या दिशेने चालू लागला. प्रतीक्षा जागची हलली नाही.

सबनीसने घाम पुसला. “प्रयोगशाळेत दोन नमुने होते.”

“एक नियमाप्रमाणे उकळला. दुसरा ज्यांचा होता त्यांना परत दिला. काल.”

“तो पुरावा होता!”

“हो.”

सबनीस करुणाकडे वळला, आणि त्याचा सूर क्षणात बदलला. “करुणाताई, तुम्ही टाकलं नसणार. कुठेतरी ठेवलंच असेल. हे बघा, खटला मी मागे घेतो. आजच्या आज तुमच्या घराची मूळ घर म्हणून नोंद करतो. तुमचं नाव, तुमचा फोटो, लिस्बनला तुम्ही स्वतः...”

“नोंद झाल्यावर मी इथं पलीकडं सुजाताला विरजण देऊ शकंन?”

“म्हणजे, कायद्याप्रमाणे तसं... नमुना बदलता येत नाही ना. तुमचं विरजण मग राष्ट्राचं होईल.”

करुणाने चारुताला विचारलं, “आणि नाही दिलं तर किती दिवस जगंल?”

“सरपंचांचं सहा वर्षं जगलं. तेवढंच धरा.”

“म्हणजे जप्ती केली तरी मरणार, आणि सत्कार केला तरी मरणार.” करुणा सबनीसकडे बघून म्हणाली. “माझ्याकडं नाही, साहेब. शोधा हवं तर. काल दुपारच्या एस्टीनं आमच्या एकवीस जणी माहेरी गेल्या. प्रत्येकीजवळ एक-एक डबा. तिथून त्यांच्या बहिणींकडं, भावजयांकडं, कुणी मागंल तिच्याकडं. आत्तापर्यंत किती घरं झाली असतील, मला पण नाही सांगता यायचं.”

“कुठली गावं?”

“माहेर काय एका दिशेला असतंय होय?”

मागे उभी असलेली एक म्हातारी फिस्सकन हसली. पांढऱ्या पोशाखातला एक जण हसू दाबायला खाली वाकून टाकीचा नळ तपासू लागला. सबनीसच्या मानेवरची शीर उठली. पण तो मूर्ख माणूस नव्हता. छत्तीस मार्कांत त्याला जेवढं समजायला हवं होतं तेवढं समजलं होतं. तो चारुतापाशी आला आणि पहिल्यांदाच त्याने तिच्या डोळ्यांत पाहिलं.

“मॅडम, माळेची नोंद आहे तुमच्याकडे. अठ्ठावन्न मणी, बरोबर? मी चार जिल्ह्यांत पथकं लावतो. प्रत्येक घरातलं दही गोळा करतो. तुम्ही ते यंत्रात घाला. कुठल्या घरात हे विरजण पोचलं, कधी पोचलं, कुणी कुणाला दिलं, सगळं क्रमाने कळेल ना?”

“कळेल,” चारुता म्हणाली. “घर कळेल. महिना कळेल. कुणी कुणाच्या दारात जाऊन मागितलं तेही कळेल. माणसांनी लपवलं तरी.”

“मग झालं तर! उद्यापासून नमुने येतील.”

त्याच्या पलीकडे तिला प्रतीक्षा दिसत होती. नवऱ्याने फेकलेला रिकामा डबा तिने उचलला होता आणि ती करुणाच्या दाराकडे निघाली होती, भर सकाळी, सगळ्यांच्या देखत.

“मला वाचता येतं,” चारुता म्हणाली. “वाचणार नाही.”